गेम बंद पडतो तेव्हा कॉम्प्युटर काय सांगत असतो?

उन्हाळी सुट्टी लागली की आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींचा रंग बदलतो. वर्षभर पालक म्हणतात, ‘अभ्यास करत नाही’. मे महिन्यात म्हणतात, ‘दिवसभर कॉम्प्युटरसमोर असतो’. अलीकडे यात मुलांची एक तक्रार मिसळली आहे: ‘सर, गेम सुरू केला की थोड्या वेळात आपोआप बंद पडतो.’

घरात मुलाने हे सांगितलं की उत्तर ठरलेलं असतं. अम्मी म्हणतात, ‘बरं झालं, माझी दुआ कबूल झाली!’ अब्बा म्हणतात, ‘काढून टाक तो गेम.’ भाईजान म्हणतो, ‘यानेच काहीतरी डाऊनलोड केलं असणार.’ विषय तिथे संपतो. कॉम्प्युटरचा बिघाड मात्र आत तसाच राहतो.

गेम किती वेळ खेळावा, कोणता खेळावा, नमाजची वेळ झाल्यावर तो कसा थांबवावा, हे विषय इथे बाजूला ठेवतो. ज्या घरात कॉम्प्युटर आहे आणि ज्या घरात मुलाला ठरलेल्या वेळी खेळायची परवानगी आहे, त्या घरासाठी हा लेख आहे. ज्यांनी परवानगी दिलेली नाही त्यांनीही वाचावा, कारण मुद्दा गेमच्या पुढचा आहे.

गादीवर बसून हिशेब लिहिणाऱ्या माणसाला दम लागत नाही. तोच माणूस पाण्याची घागर घेऊन जिना चढू लागला की लागतो. आता जिना चढणं सोडून दिलं म्हणून त्याची छाती बरी झाली असं कोणी म्हणणार नाही. कॉम्प्युटरचं तसंच आहे. अर्ज भरणं, टायपिंग करणं, बातम्या वाचणं ही त्याची गादीवरची कामं. त्या वेळी प्रोसेसर बराचसा रिकामा बसलेला असतो. गेम हा जिना. सेकंदाला साठ चित्रं काढायची म्हणजे एका चित्राला साधारण सोळा मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, रॅम, डिस्क, पंखे आणि वीज पुरवणारा डबा, म्हणजे एसएमपीएस, सगळे एकाच वेळी राबतात. ज्याच्यात कमजोरी असेल तो इथेच पहिल्यांदा बसतो. घरातल्या बहुतेक कॉम्प्युटरना एवढी मेहनत दुसऱ्या कोणत्याच कामात पडत नाही. म्हणून आजार आधी गेममध्ये दिसतो, आणि घरच्यांना वाटतं की आजार गेमचाच आहे.

आधी विचारा, कसा बंद पडतो

‘बंद पडतो’ या दोन शब्दांत चार निरनिराळ्या गोष्टी लपलेल्या असतात. मुलाला समोर बसवून, न रागावता, नेमकं काय होतं ते विचारावं.

गेमची खिडकी एकदम नाहीशी झाली आणि मागचा डेस्कटॉप शाबूत दिसला, तर बहुतेक वेळा दोष गेममध्ये, त्याच्या फायलींमध्ये, ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये किंवा रॅमच्या कमतरतेत असतो. चित्र क्षणभर थिजलं, पडदा काळा झाला आणि परत आला, तर ग्राफिक्स कार्डाने वेळेत उत्तर दिलेलं नाही. विंडोज त्याची दोन सेकंद वाट पाहते आणि मग ड्रायव्हर स्वतःच पुन्हा सुरू करते. बरेच गेम हा धक्का सोसत नाहीत. तिसरा प्रकार निळ्या पडद्याचा. विंडोज ११ च्या नव्या आवृत्तीत तो काळा झाला आहे, पण त्यावर बिघाडाचं नाव लिहिलेलं असतं. मोबाईलने त्याचा फोटो काढून ठेवावा. दर वेळी वेगळंच नाव येत असेल तर रॅमवर पहिला संशय घ्यावा.

चौथा प्रकार सर्वांत जास्त लक्ष देण्यासारखा. काही न सांगता, लाईट गेल्यासारखा कॉम्प्युटर पूर्ण बंद होतो किंवा आपोआप पुन्हा सुरू होतो. हे गेमच्या कामात सहसा बसत नाही. गेम बिघडला तर स्वतः पडतो, घराचा बोर्ड काढत नाही. असं झालं की उष्णता आणि वीज या दोन दिशांनी शोध सुरू करावा.

मुलाच्या सांगण्यावर विश्वास बसत नसेल तर कॉम्प्युटरने स्वतः ठेवलेली वही आहे. स्टार्टच्या शोधपट्टीत इंग्रजीत ‘रिलायबिलिटी’ टाइप केलं की ‘रिलायबिलिटी हिस्टरी’ नावाचं पान उघडतं. त्यात तारखांचे रकाने असतात, आणि ज्या दिवशी जे कोसळलं त्या दिवशी लाल फुली. फुलीवर क्लिक केलं की खाली त्या प्रोग्रामचं नाव आणि वेळ दिसते. विंडोजमध्ये ही सोय किती तरी वर्षांपासून आहे, पण आम्हाला आजवर भेटलेल्या पालकांपैकी क्वचितच कोणाला ती माहीत होती. दुरुस्तीला नेण्याआधी दहा मिनिटं हे पान पाहावं. फक्त एकाच गेमपुढे फुल्या असतील तर गोष्ट वेगळी. गेम, ब्राउझर आणि विंडोज तिघांपुढे असतील तर आजार कॉम्प्युटरचा आहे.

एक घर, दोन कारणं

मालेगावातलं एक घर. वडिलांचे थोडे यंत्रमाग घरालाच लागून आहेत. मोठी मुलगी सिव्हिल डिप्लोमाला आहे, तिच्या ड्रॉइंगसाठी कॉम्प्युटर जोडून घेतला होता. धाकटा नववीत. त्याने दोन-तीन ईदांची ईदी साठवून, वर मामूंकडून थोडी भर घेऊन, जुनं ग्राफिक्स कार्ड बसवलं होतं. गेम सुरू केला की दहा-बारा मिनिटांत सगळा कॉम्प्युटर बंद. दुकानात नेलं, तिथे न उघडताच ‘कार्ड गेलं, नवीन घ्या’ असं सांगितलं. अब्बांनी दोन निष्कर्ष काढले: पोराने ईदी पाण्यात घातली, आणि त्याने कसलं तरी भलतं सॉफ्टवेअर टाकून बहिणीचा कॉम्प्युटर बिघडवला. मुलगा शपथा घेत होता. घरात अबोला.

आम्ही असरनंतर गेलो. सर्वांत आधी मुलीची सगळी ड्रॉइंग पेन ड्राईव्हवर उतरवून घेतली, कारण असा अचानक बंद पडणारा कॉम्प्युटर कधीतरी लिहिता लिहिता फाईल अर्धी सोडतो. हे पहिलं काम प्रत्येक घरात पहिलंच करावं. मग मुलाला शाळेची एक कोरी वही घ्यायला सांगितली आणि रकाने आखून दिले: तारीख, वेळ, कोणता गेम, किती मिनिटं चालला, कसा बंद पडला, त्या वेळी घरात काय चालू होतं. विज्ञानाच्या तासाला प्रयोगवहीत लिहितात तसं. अट एकच, एका वेळी एकच बदल करायचा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कोणाचा हे कळत नाही.

तीन दिवसांत वहीतून एक गोष्ट दिसू लागली. दुपारी दहा मिनिटं, इशानंतर अर्धा-पाऊण तास. गेम तोच, कार्ड तेच. फरक फक्त उन्हाचा. तापमान दाखवणारं एक मोफत सॉफ्टवेअर चालवून पाहिलं, तर गेम सुरू होताच प्रोसेसरचा आकडा चढत जाऊन शंभर अंशांच्या आसपास टेकत होता. या मर्यादेला प्रोसेसर आधी स्वतःचा वेग कमी करतो, आणि तरीही उष्णता उतरली नाही तर जळून जाण्यापेक्षा बंद होतो. म्हणजे तो बंद पडणं हा त्याचा शहाणपणा होता.

कॅबिनेटची बाजू उघडली. ज्यांचं घर मागाजवळ आहे त्यांना आत काय होतं ते सांगायला नको. प्रोसेसरवरच्या पंख्याखाली धातूच्या पातळ पट्ट्या असतात, त्यांच्या फटींतून हवा जावी लागते. त्या फटींत कापसाची रुई बसून नमद्यासारखा घट्ट थर झाला होता. पंखा फिरत होता, हवा कुठेच जात नव्हती. साध्या धुळीच्या गावात असा थर बसायला काही वर्षं लागतील. आमच्याकडे एका हंगामात बसतो. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीच्या वाचकांनी हे लक्षात ठेवावं.

साफ करताना घ्यायची काळजी: कॉम्प्युटर बंद करून वायर बोर्डातून काढावी, नुसतं बटण बंद करून भागत नाही. आत हात घालण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या धातूला स्पर्श करावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरते. मऊ कोरडा ब्रश आणि हवेचा ब्लोअर वापरावा. हवा मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावी, नाहीतर ती भरमसाट वेगाने फिरून पंखा खराब होतो. ओलं कापड नको, घरातला व्हॅक्यूम क्लीनर नको. आणि एसएमपीएसचा डबा कधीही उघडू नये, वायर काढल्यानंतरही त्यात धक्का देण्याइतकी वीज साठून राहते.

साफसफाईनंतर तापमान बरंच खाली आलं, दुपारचा गेमही चालू लागला. अब्बा खूश. पण चौथ्या दिवशी वहीत पुन्हा नोंद: ‘२० मिनिटं, एकदम बंद.’ मग पुन्हा एकदा. वेळेत काही मेळ नव्हता. कधी सकाळी, कधी मगरिबच्या सुमारास. मुलाचा चेहरा पडला, कार्डाचा विषय घरात पुन्हा निघाला.

याचं उत्तर नानींनी दिलं. त्या त्याच खोलीत तख्तावर तसबीह घेऊन बसलेल्या असतात. त्या म्हणाल्या, ‘पंखा मंद होतो ना, तेव्हा याचा खेळ जातो.’ कॉम्प्युटरमधलं त्यांना काही कळत नाही, पण खोलीत काय होतं ते त्यांच्याइतकं कोणीच पाहत नव्हतं. वहीत एक रकाना वाढवला: पंखा मंद झाला का? दोन दिवसांत नानींचं म्हणणं खरं ठरलं.

पंखा मंद होणं म्हणजे दाब उतरणं. आजूबाजूचे माग एकदम सुरू झाले की ते होतं. दाब उतरला की यूपीएस कॉम्प्युटरला बॅटरीवर घेतो. या घरातला यूपीएस ६०० व्हीएचा होता, आणि असे यूपीएस साधारण ३६० वॅटपर्यंतचाच भार पेलतात. डब्यावरचा मोठा आकडा व्हीएचा असतो, वॅटचा नव्हे. गिऱ्हाईक तिथेच फसतं. टायपिंग करताना कॉम्प्युटर आणि मॉनिटर मिळून शंभर वॅटच्या आसपास घेतात, तेव्हा तो यूपीएस निवांत असतो. गेममध्ये मध्यम प्रतीचं ग्राफिक्स कार्ड एकटंच दीडशे-दोनशे वॅट ओढतं, वर प्रोसेसर, वर मॉनिटर. त्यात चार उन्हाळे पाहिलेली बॅटरी. बॅटरीवर येताच ती मान टाकत होती. बहिणीचं ड्रॉइंगचं काम चालू असताना तेच घडायचं, पण भार कमी असल्याने ती तग धरायची. म्हणून ‘माझ्या कामात कधी बंद पडत नाही, याच्याच गेममध्ये पडतो’ ही बहिणीची साक्षही खरी होती आणि भावाच्या विरुद्ध वापरली जात होती.

खात्रीसाठी दोन दिवस कॉम्प्युटर यूपीएसशिवाय थेट बोर्डात लावला. पंखा मंद झाला, गेम चालू राहिला. मग १००० व्हीएचा यूपीएस घेतला, त्याचा खर्च नव्या कार्डाच्या पासंगालाही पुरला नसता. ईदीचं कार्ड अजून तेच आहे. अब्बांनी पोराला उघड काही म्हटलं नाही, पण वहीचं शेवटचं पान त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं, हे आम्ही पाहिलं.

लहान लहान कारणं

सगळीकडे रुई आणि यूपीएस निघणार नाही. जी कारणं वरचेवर भेटतात ती थोडक्यात.

लॅपटॉप गादीवर किंवा मांडीवरच्या दुलईवर ठेवून खेळणं. त्याच्या खालच्या जाळीतून तो श्वास घेतो, आणि कापूस ती जाळी बंद करतो. लाकडी पाट पुरे. हरवलेल्या चार्जरऐवजी बाजारातून कमी वॅटचा चार्जर आणला असेल तर लॅपटॉप गेममध्ये धापा टाकतो.

सी ड्राईव्ह काठोकाठ भरलेली. आजकालचा एकेक मोठा गेम ५० ते १०० जीबी जागा घेतो. रॅम कमी पडली की विंडोज डिस्कवरची थोडी जागा रॅमसारखी वापरते. तीच उरली नाही तर गेम कोसळतो. लग्नाचे व्हिडिओ आधी दुसऱ्या ड्राईव्हवर हलवा.

रॅमची तपासणी विंडोजमध्येच आहे. ‘मेमरी डायग्नॉस्टिक’ शोधून चालवावी, कॉम्प्युटर पुन्हा सुरू होऊन स्वतः तपासतो. रॅमच्या दोन पट्ट्या असतील तर एकेक काढून पाहणं हा जुना, पण उत्तम उपाय.

स्टीमवरून घेतलेला गेम असेल तर त्या गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये फायली पडताळून पाहण्याची सोय असते; खराब झालेली फाईल तेवढीच पुन्हा उतरते. अख्खा गेम काढून परत टाकण्यात नेटचा दीड दिवसाचा डेटा घालवण्याआधी हे करावं. माइनक्राफ्टची जावा आवृत्ती कोसळली की आपल्या फोल्डरात ‘क्रॅश रिपोर्ट्स’ नावाने कारण लिहून ठेवते. तिथे बहुधा कोणत्या तरी मॉडचं नाव सापडतं. एका आवृत्तीचा मॉड दुसऱ्या आवृत्तीवर चढवला की हे होतंच.

आणि एक कारण खास आपल्या घरांतलं. विंडोज पहिल्यांदा सुरू करताना कोणीतरी प्रेमाने वापरकर्त्याचं नाव उर्दूत किंवा देवनागरीत टाकतो. दिसायला सुंदर दिसतं, आम्हालाही आवडतं. पण त्याच नावाचं फोल्डर तयार होतं, आणि काही गेम व त्यांची जोड-सॉफ्टवेअरं अजूनही इंग्रजी अक्षरांपलीकडचा पत्ता वाचू शकत नाहीत. मग गेम सुरू होत नाही किंवा सेव्ह करताना कोसळतो. गेम बनवणाऱ्यांनी हे केव्हाच सुधारायला हवं होतं. तोवर इंग्रजी अक्षरांतल्या नावाचं दुसरं खातं उघडून त्यातून खेळून पाहावं. उर्दू-मराठी नाव पडद्यावर दाखवायला नंतर बदलता येतं, फोल्डर मात्र पहिल्याच नावाचं राहतं.

कधी दोष खरोखर बनवणाऱ्यांचाच असतो. डिसेंबर २०२० मध्ये ‘सायबरपंक २०७७’ हा गेम इतका कोसळत होता की सोनीने तो आपल्या प्लेस्टेशन दुकानातून काढून टाकला, आणि पुढच्या जूनपर्यंत परत घेतला नाही. २०२४ च्या अखेरीस विंडोज ११ च्या नव्या आवृत्तीवर ‘असॅसिन्स क्रीड’ मालिकेतले काही गेम गोठू लागले, तेव्हा मायक्रोसॉफ्टने ते गेम असलेल्या कॉम्प्युटरना ती आवृत्ती देणंच काही काळ थांबवलं. ‘काल अपडेट झालं आणि आजपासून बंद पडतोय’ असं मूल म्हणालं तर ते खरं असू शकतं. स्टीमवर विकत घेतलेला गेम चालतच नसेल तर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळला असेल तर पैसे परत मागता येतात. आपल्या मुलांना हे माहीत नसतं आणि ती पैसे गेले असं धरून चालतात.

फुकट मिळालेला गेम

आता जरा कडू विषय. ‘गेम कुठून आणला?’ या प्रश्नाला अनेक घरांत उत्तर येतं, ‘मित्राने पेन ड्राईव्हमध्ये दिला.’ म्हणजे कुलूप तोडलेली, चोरीची प्रत. ती बसवताना पहिली सूचना असते, अँटीव्हायरस बंद करा. मूल करतं. घराचं दार स्वतः उघडून पहारेकऱ्याला सुट्टी दिल्यासारखं आहे हे.

अवास्ट या अँटीव्हायरस कंपनीने जून २०२१ मध्ये अशाच एका प्रकरणाचा छडा लावला. काही वापरकर्त्यांचा अँटीव्हायरस आपोआप नाहीसा होत होता. शोध घेतल्यावर जीटीए ५, फार क्राय ५, सिम्स ४ अशा गेमच्या चोरीच्या प्रतींत लपवलेला एक प्रोग्राम सापडला. त्याला त्यांनी ‘क्रॅकोनॉश’ नाव दिलं. तो विंडोजचं संरक्षण आणि अपडेट दोन्ही बंद करायचा आणि मग त्या घरच्या प्रोसेसरला मोनेरो नावाचं आभासी चलन तयार करण्याच्या कामाला जुंपायचा. किमान २०१८ पासून हे चालू होतं. जगभरात २ लाख २२ हजारांहून जास्त कॉम्प्युटर त्याने धरले होते आणि त्यामागच्या लोकांनी २० लाख डॉलरहून अधिक कमावले होते.

आता गेम का कोसळतो ते उलगडून पाहा. आत कोणी परका त्याच प्रोसेसरला राबवत असेल, तर तापमान चढेल, वीज जास्त जाईल, पंखे ओरडतील, आणि गेमच्या वाट्याला उरलंसुरलं येईल. मूल म्हणेल कॉम्प्युटर जुना झाला. वीजबिल अब्बा भरतील. काहीच चालू नसताना पंखे जोरात फिरत असतील आणि टास्क मॅनेजर उघडताच एकदम शांत होत असतील, तर शंका घ्यावीच. अशा कॉम्प्युटरवरून कोणी बँकेचा व्यवहार करू नये. आधी दुसऱ्या स्वच्छ उपकरणावरून पासवर्ड बदलावेत आणि मग विंडोज नव्याने टाकून घ्यावी.

धर्माच्या बाजूने आम्ही फतवा देणारे कोणी नाही. पण आपण दुकानातून पाव किलो साखर वजनात जास्त आली तर परत करायला शिकवतो. शेकडो माणसांनी वर्षानुवर्षं खपून केलेली वस्तू फुकट उचलली तर तो बंद्यांच्या हक्काचाच प्रश्न आहे, हे मुलाला त्याच शब्दांत सांगता येतं. सांगताना पर्यायही द्यावा. ‘सुपरटक्सकार्ट’सारखे कायदेशीर मोफत गेम आहेत, आणि जुने चांगले गेम सवलतीच्या दिवसांत फार स्वस्तात मिळतात. नुसतं ‘हराम आहे, काढ’ म्हणून मूल पेन ड्राईव्ह लपवायला शिकतं.

चुकीचं बोट

कॉम्प्युटर बंद पडताना एखादा संदेश दाखवतो आणि आपण त्यालाच निकाल समजतो. हे किती फसवं असू शकतं याचा सर्वांत मोठा अलीकडचा दाखला इंटेलचा आहे.

इंटेलच्या तेराव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये आले, चौदाव्या पिढीचे वर्षभराने. महागडे प्रोसेसर घेतलेल्या लोकांचे गेम, विशेषतः अनरियल इंजिनवर बनवलेले, सुरू होतानाच कोसळू लागले. संदेश यायचा: व्हिडिओ मेमरी पुरत नाही. व्हिडिओ मेमरी ग्राफिक्स कार्डावर असते, म्हणून लोकांनी कार्डाला दोष दिला, ड्रायव्हर बदलले, विंडोज पुन्हा टाकली, काहींनी कार्डही बदललं. मेमरी तर भरपूर होती.

खरी गोष्ट हळूहळू बाहेर आली. गेम सुरू होताना दाबून भरलेल्या फायली उलगडाव्या लागतात, त्या वेळी प्रोसेसरचे सगळे गाभे पूर्ण जोराने चालतात. हे उलगडण्याचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना दिसलं की प्रोसेसरच मधूनमधून चुकीचं उत्तर देतो आहे. चुकीचं उत्तर पुढे गेलं की गेम गोंधळून मेमरीच्या नावाने ओरडायचा. एप्रिल २०२४ मध्ये ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्या एनव्हिडियानेही अशी तक्रार असलेल्यांना इंटेलकडे जायला सांगितलं. जुलैमध्ये इंटेलने मान्य केलं की प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता, आणि ऑगस्टमध्ये सुधारणा दिली, जी मदरबोर्डच्या बायोस अपडेटमधून बसवायची होती. पण ज्या प्रोसेसरना तोवर इजा झाली होती ते या सुधारणेने बरे होणार नव्हते. ते बदलूनच घ्यावे लागले. त्यासाठी कंपनीने वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली.

म्हणजे जगातल्या जाणत्या लोकांचंही बोट कितीतरी महिने चुकीच्या भागाकडे होतं. संदेश पडला कुठे ते सांगतो, ढकललं कोणी ते सांगेलच असं नाही. घरात या दोन पिढ्यांतला वरच्या दर्जाचा डेस्कटॉप प्रोसेसर असेल तर बायोस अपडेट झालं आहे का ते जरूर विचारावं. लॅपटॉपवाल्यांना ही सुधारणा लागू नव्हती. बायोस अपडेट चालू असताना लाईट गेली तर मदरबोर्ड निकामी होऊ शकतो, म्हणून ते काम पक्का बॅकअप असलेल्या ठिकाणीच करावं.

दुकानात नेताना

घरी करण्यासारखं संपलं की दुकान. ‘गेम चालत नाही’ एवढंच सांगितलं तर ‘फॉरमॅट मारतो’ हे उत्तर येईल, आणि फॉरमॅटमध्ये बहिणीची ड्रॉइंग, अब्बांची बिलं, दादांच्या हजचे फोटो सगळं जाईल. आधी सगळं उतरवून ठेवा. सोबत न्या वहीची दोन पानं, पडद्याचे फोटो आणि लाल फुल्यांचं ते पान. कोणता भाग कशावरून खराब ठरवला, हे विचारा. कार्ड खराब असेल तर ते दुसऱ्या चालू कॉम्प्युटरमध्ये लावून बंद पडताना दाखवायला सांगा. हे पाच-दहा मिनिटांचं काम आहे आणि प्रामाणिक दुकानदार त्याला नाही म्हणत नाही. भाग बदलला तर जुना परत मागा, नव्याचं बिल आणि वॉरंटीचा कागद घ्या.

दुरुस्तीनंतर डेस्कटॉप दिसला म्हणून पैसे देऊन निघू नका. तोच गेम दुकानातच अर्धा तास चालवून पाहा. त्यासाठी मुलाला बरोबर घेऊन जा. कोणत्या ठिकाणी पोचलं की तो बंद पडायचा, हे त्यालाच माहीत असतं.